वितळलेले मीठ आणि भट्टीपुढचा माणूस

भोसरी, चाकणपासून माणपर्यंतच्या पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम करणाऱ्यांना ‘सॉल्ट बाथ’ ठाऊक असतो. त्यातले मीठ खाण्याचे नव्हे. टेम्परिंगच्या भट्टीत बहुधा सोडियम व पोटॅशियम नायट्रेटचे मिश्रण असते. सव्वादोनशे अंशांच्या आसपास ते वितळून पाण्यासारखे वाहते.

हेच मीठ आज वीजही देते. स्पेनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या जेमासोलार केंद्रात आरशांनी ऊन एका मनोऱ्यावर एकवटतात. तेथे २९० अंशांचे मीठ ५६५ अंशांपर्यंत तापवून टाकीत साठवतात. सूर्य मावळल्यावरही त्या उष्णतेवर १५ तास वीज तयार होऊ शकते. अमेरिकेत ओक रिज येथे १९६५ ते १९६९ या काळात वितळलेल्या फ्लोराइड क्षारात अणुइंधन विरघळवून अणुभट्टी चालवली गेली. आपल्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही थोरियमसाठी अशा भट्टीचे संशोधन हाती घेतले आहे.

विज्ञानाचे आम्हाला कौतुक आहेच; पण भट्टीपुढच्या माणसाची काळजी अधिक आहे. ओला जॉब मिठात गेला की पाण्याची क्षणात वाफ होते, ती सुमारे १७०० पट फुगते आणि उकळते मीठ अंगावर उडते. नायट्रेटमध्ये तेल, काजळी वा सायनाइडचे मीठ पडले तर स्फोट होऊ शकतो. म्हणून जॉब स्वच्छ, कोरडा करून, आधी तापवूनच सोडावा. तेथील आगीवर पाणी मारू नये. फेसशील्ड, हातमोजे, ॲप्रन मागून घ्यावेत. कामगार कंत्राटी असला तरी हा त्याचा हक्कच आहे.

माता-भगिनींनो, कामावर निघालेल्या मुलाला एवढे जरूर वाचून दाखवा.