कोऱ्या कागदावर सही करू नका

सुतारखान्यात गोल करवतीने किंवा रंधा मशीनने बोटे गेली, की मालक दवाखान्याचे बिल भरतो आणि कोऱ्या कागदावर सही मागतो. बांधवांनो, आमचे सांगणे एकच : सही करू नका. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. अंगठा गेल्यास 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के कमाईची ताकद गेली असे 1923 च्या कायद्याने धरले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसेच आहे. विम्याचे कार्ड असेल तर ई.एस.आय.कडे जा, नसेल तर दोन वर्षांच्या आत मालकावर दावा करा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. माता-भगिनींनो, अपघाताची तारीख, साक्षीदारांची नावे लिहून ठेवा, दवाखान्याचे कागद जपा. जय भीम!