भागीदारी कोणाशी आणि कशात?

कला आणि समाज यांच्या ‘भागीदारी’ची भाषा अलीकडे शासनाच्या आणि उद्योगपतींच्या वर्तुळात प्रतिष्ठित झाली आहे. भागीदारी म्हटली की भांडवल कोणाचे आणि निर्णय कोणाचा, हे प्रश्न ओघानेच येतात. मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव या दृष्टीने तपासून पाहिला पाहिजे.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने केलेले कार्य सर्वश्रुत आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत घडले. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण निधीत पुढे कामगार, मालक आणि शासन या तिघांचीही वर्गणी जमा होऊ लागली. त्यातून कल्याण केंद्रे चालली, नाट्यस्पर्धा झाल्या. तिथे कामगार हा नुसता प्रेक्षक नव्हता. तो वर्गणीदार होता, नटही होता.

या कलेचा खरा आधार म्हणजे चाळ, खानावळ, भजनी मंडळ आणि पाळी संपल्यावर तालमीला मिळणारी जागा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि हा आधार ढासळला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा सार्वजनिक सोयी आणि परवडणारी घरे यांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. घरांबरोबर सभागृहे आणि मैदाने यांनाही वस्ती मुकली. कामगार रंगभूमीचे माहेरघर असलेले परळचे दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींना रस्त्यावर उतरावे लागले.

गिरणगावाच्या आठवणी जपणारी संग्रहालये आणि भित्तिचित्रे यांना आमचा विरोध नाही. परंतु कामगाराला चित्रात स्थान द्यायचे आणि त्याच्या नातवंडांना तालमीसाठी खोली द्यायची नाही, याला भागीदारी म्हणता येणार नाही. आज त्या घरांतील तरुण मॉलमध्ये सुरक्षारक्षक आहेत, मोटारसायकलवरून घरोघर माल पोहोचवीत आहेत. त्यांच्या कामाला ठरावीक पाळी नाही, संघटना नाही. त्यांचे नाटक अजून लिहिले जायचे आहे.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक पुनर्विकासात अल्प भाड्याचे तालीमगृह असावे, त्याचा कारभार रहिवाशांच्या निवडलेल्या समितीकडे असावा आणि ही अट करारातच लिहिलेली असावी. कार्यकर्त्यांनी कलापथकाला निवडणुकीपुरते आठवण्याची सवयही सोडली पाहिजे. जागा आणि निर्णय हाती आले, तर आजच्या श्रमिकांचे शाहीर त्यांच्यातूनच उभे राहतील.