कार्ट्रिज काढणार नसाल तर ड्राइव्ह घेऊच नका!

"बॅकअपसाठी कोणता ड्राइव्ह घेऊ रे?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी हमखास येतो. विचारणारे ठरलेले. धरमपेठेतला सीए मित्र, रामदासपेठेतले ओळखीचे डॉक्टर, लग्नाचे फोटो काढणारा शाळासोबती. आय.टी.त आहे म्हटल्यावर प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं आपल्यालाच कळतं, असा लोकांचा गोड गैरसमज असतो. ते एक असो.

मुद्दा असा, की प्रश्नच चुकीचा आहे. किती टेराबाइट, स्पीड किती, वॉरंटी किती, हे सगळे विचारतात. "काढलेली कार्ट्रिज ठेवू कुठे?" हे आजपर्यंत मला एकानेही विचारलेलं नाही. अहो, काढता येणारी कार्ट्रिज असलेला ड्राइव्ह आपण पैसे मोजून घेतो तो कशासाठी? काढता यावी म्हणूनच ना! आणि बहुतेक ऑफिसांत काय दिसतं? एकच कार्ट्रिज किंवा एकच यूएसबी डिस्क, घेतल्या दिवसापासून मशीनला चिकटलेली. वर धूळ. मालक छाती काढून सांगणार, "आपला बॅकअप रोज होतो भाऊ!"

हा बॅकअप नाही. ही त्याच मशीनमधली दुसरी डिस्क आहे, फक्त वायर लांब आहे.

कारण रॅन्समवेअर काही मूळ फाइल आणि बॅकअप असा भेदभाव करत नाही. मशीनला जे जे जोडलेलं दिसेल आणि जिथे लिहिता येईल, ते सगळं कुलूपबंद. दिल्लीच्या एम्सचं उदाहरण घ्या. २३ नोव्हेंबर २०२२ला सर्व्हरवर हल्ला झाला आणि देशातल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं काम पुढचे जवळपास दोन आठवडे कागद-पेनावर चाललं. ई-हॉस्पिटलचा डेटा परत आला कुठून? हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून, असं सरकारनेच नंतर संसदेत सांगितलं. म्हणजे एक प्रत वाचली म्हणून निभावलं. आपल्या ऑफिसात अशी हल्ल्यातून वाचेल अशी प्रत आहे का, हे एकदा छातीवर हात ठेवून सांगा.

"आपल्या नागपुरात कोण येतंय हॅक करायला" म्हणणाऱ्यांसाठी आपली नाग नदी आहेच. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि सीताबर्डी, शंकरनगर, धरमपेठ भागात तळमजल्यात पाणी शिरलं. तारीख नीट बघा. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत बरोब्बर आठवड्यावर! टेबलाखाली ठेवलेला कॉम्प्युटर आणि शेजारीच ठेवलेली बॅकअपची डिस्क, दोघांनाही पाणी सारखंच लागतं. तिथे पाच टेराबाइट काय आणि पन्नास काय.

मग क्लाउड? जरूर वापरा, पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल उडाली की तिथेही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, पुढे राम राम.

आता कोणता ड्राइव्ह, ते. माझी कसोटी एकच : आठ वर्षांनी ही कार्ट्रिज वाचता येईल का? आठच का? कारण कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. ती कॉम्प्युटरवर असतील तर भारतातल्या सर्व्हरवर त्यांचा रोज बॅकअप हवा, असा नियमही ऑगस्ट २०२२मध्ये आला. तो सर्व्हर तुम्ही कुठलाही घ्या, मी बोलतोय ते त्याशिवायच्या, हातात धरता येणाऱ्या प्रतीबद्दल.

या कसोटीवर भले भले आडवे झालेत. आयोमेगाचा झिप ड्राइव्ह माझ्या जन्माआधीचा. १०० एमबीची कार्ट्रिज, एके काळी जगभर धूम. मग 'क्लिक ऑफ डेथ' निघाला : ड्राइव्ह टकटक करायचा आणि कार्ट्रिजसकट डेटा घेऊन जायचा. १९९८मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी सायक्वेस्ट या दुसऱ्या मोठ्या कार्ट्रिजवाल्या कंपनीचं दिवाळं वाजलं. त्यांच्या कार्ट्रिजा आज कुणाच्या कपाटात ठणठणीत असतीलही, पण वाचायच्या कशात?

त्यामुळे माझं मत साफ आहे. तीस-चाळीस टेराबाइटचा पसारा असेल तर एलटीओ टेप घ्या, पण ड्राइव्ह महाग असतो आणि नवा ड्राइव्ह फार जुनी टेप वाचत नाही (एलटीओ-९ फक्त एलटीओ-८पर्यंत मागे जातो), हे लक्षात ठेवून. आरडीएक्स मजबूत आहे, आत साधी अडीच इंची डिस्क असते, ऑफिसातला कुणीही ती बदलू शकतो. पण ती वाचायला आरडीएक्सचाच डॉक लागतो, म्हणून घेतलात तर डॉक दोन घ्या. आणि पाच माणसांचं ऑफिस असेल तर सरळ एक साटा डॉक आणि तीन साध्या हार्ड डिस्क! साटा २००३पासून आहे, कुण्या एका कंपनीच्या मालकीचा नाही, डॉक मेला तर सीताबर्डीत दुसरा मिळेल. डिस्क हीच तुमची कार्ट्रिज.

मग एक डिस्क मशीनला, एक कपाटात, एक घरी. दर शुक्रवारी अदलाबदल. बाहेर नेताय म्हणून बिटलॉकर लावा आणि त्याची किल्ली त्याच डिस्कवर ठेवू नका. मे महिन्यात डिस्क गाडीत विसरू नका, आपलं ऊन डिस्कलाही लागतं. तीन महिन्यांतून एकदा एखादा फोल्डर परत आणून उघडून बघा. उघडला नाही तर बॅकअप नव्हताच, नुसतं समाधान होतं.

"दर शुक्रवारी कोण काढत बसेल बे?" असं म्हणणारे खूप भेटतात. रोज रात्री शटर ओढून कुलूप लावता ना? त्याचा कंटाळा येत नाही. दुकानातला माल तर विम्यातून तरी भरून निघेल, आठ वर्षांचे हिशेब कोण देणार? तेव्हा ब्रँड, स्पीड, कॅपॅसिटी नंतर बघू. ती डिस्क शुक्रवारी कोण काढणार, त्याचं नाव आधी ठरवा.