ही चैन नव्हे



आखातात नोकरी करणारे आईवडील दिवाळीत मोठ्या मुलांना तिकडे बोलावतात ही उधळपट्टी आहे, हे आपल्या पत्रलेखकांचे मत एकांगी वाटते. अमिरातीत वर्षभराच्या नोकरीनंतर 30 दिवसांची रजा मिळते. पण तिच्या तारखा कामाच्या सोयीने ठरतात. इकडे आदिलाबादच्या गोंड गुड्यांवर दिवाळीची दंडारी-गुसाडी नृत्ये सुरू झाली म्हणून तिकडे कुणाला सुटी मिळत नाही. शिवाय अविवाहित मुलाला वडिलांच्या व्हिसावर 25 वर्षांपर्यंतच राहता येते. पुढे तो पाहुणा म्हणूनच जाणार. मग सुटी ज्याला आहे त्याने प्रवास केला, तर बिघडले काय?

खर्चाचे म्हणाल, तर आदिलाबादहून प्रवासी विमान नाही. आधी नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. तरी चिवडा-अनारशांचा डबा घेऊन एकटा मुलगा गेला तर तिकीट एकाचेच. आईवडील दोघे आले की तिकिटे दोन, वर भावकीसाठी भेटवस्तू! अर्थात हे जमते बऱ्या पगारवाल्यांनाच. कामगारांच्या दाटीच्या खोलीत मुलाला झोपवणार कुठे? पत्रलेखकांनी लिहायला हवे होते ते या कामगारांबद्दल. गावी आजी-आजोबा एकटे पडतात, हा आक्षेप मात्र पैशाहून वजनदार आहे. त्यासाठी नातवंडांनी निदान संक्रांत तरी गावीच करावी.

– एक वाचक, आदिलाबाद