रेक्टरने वसतिगृहातच राहावे का?

जून-जुलैत नाशिकच्या कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाणकडची आणि थेट धुळे-नंदुरबारची मुले आईवडिलांबरोबर वसतिगृहांच्या दारात उभी राहतात. फी किती, मेस कशी, एका खोलीत किती जण, हे सगळे विचारून झाल्यावर आई हमखास आणखी एक गोष्ट विचारते : रात्री इथे कोण असतं?

नियमात याचे उत्तर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन, म्हणजे आपल्याकडचा रेक्टर, हवा. तो वसतिगृहातच किंवा निदान अगदी जवळ राहणारा हवा, आणि विद्यार्थ्यांना कोणत्याही वेळी गाठता येणारा हवा. शिस्त राखण्याची धमक आणि वर्गाबाहेर मुलांशी बोलण्याचे, त्यांना समजून घेण्याचे कसब, दोन्ही पाहून त्याला नेमावे, असेही त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी यातले ‘पूर्णवेळ’ तेवढे गळून पडते. एखाद्या तरुण सहायक प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून रेक्टरपद येते. दिवसा तास, प्रॅक्टिकल, नॅकच्या फायली. रात्री हजेरी आणि राउंड. खासगी वसतिगृहांत कुठे निवृत्त फौजी असतो, तर कुठे नुकतीच एम.ए. झालेली, शहरात राहायला जागा हवी म्हणून आलेली मुलगी. नेमणूकपत्रात ‘निवासी’ असे लिहिलेले असते. त्या निवासाला काही तास आहेत का, रजा आहे का, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते.

त्यामुळे आता दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, कॅमेरे आले, बोटाच्या ठशावर हजेरी आली, प्रत्येकाच्या हातात फोन आला. आता कुणी आत राहायची गरज नाही. गेटवर सुरक्षारक्षक आणि दहा मिनिटांच्या अंतरावर एक जबाबदार माणूस असला की पुरे. दुसरे म्हणते, रेक्टर म्हणजे मुलांचे आईबाप. त्यांना घड्याळ कसले? मला दोन्ही पटत नाहीत, पण दोन्हींत नाकारता न येण्यासारखे काही आहे.

आधी राहण्याच्या बाजूने. वसतिगृहातल्या अडचणी ऑफिसच्या वेळेत येत नाहीत. पावसाळ्यात चढलेला डेंग्यूचा ताप, दम्याचा झटका, गावाकडून आलेला मृत्यूचा फोन, निकालाच्या रात्री खोलीचे दार लावून घेतलेला मुलगा, हे सगळे रात्री दहानंतरचे आहे. कोण बाहेर गेले हे कॅमेरा दाखवतो. दोन दिवस खोलीबाहेर न आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा त्यात दिसत नाही. तो दिसायला जिन्यात, मेसमध्ये, पाण्याच्या टाकीजवळ रोज वावरणारे माणूस लागते. जून २०२३ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हजवळच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. सुट्टीमुळे बहुतेक मुली गावी गेल्या होत्या आणि चौथ्या मजल्यावर ती एकटी राहत होती. ज्याच्यावर संशय गेला, तो त्याच वसतिगृहात पहारा करणारा होता. गेटवर माणूस असणे आणि आत कुणाची तरी रोजची नजर असणे यांतला फरक यापुढे कुणाला समजावून सांगावा लागू नये.

नाशिकला हे परंपरेनेही माहीत आहे. या शहराच्या उच्चशिक्षणाचा एक पाया वसतिगृहांनी घातला. मराठा विद्या प्रसारक समाज ही शिक्षणसंस्था १९१४ ची. उदाजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला एप्रिल १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी नाशिकला येऊन बसवली. कोल्हापुरात त्यांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे उभी केली होती, तेच वारे इथे आले. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे भाऊराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब, नाशिकच्या शाहू छत्रपती बोर्डिंगचे अधीक्षक होते. मार्च १९३० मध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या अग्रभागी तेच होते. त्यांच्यासाठी बोर्डिंग आणि चळवळ ही दोन कामे नव्हतीच. गावात ज्याला पाण्याला हात लावू देत नव्हते, त्या मुलाला शहरात अंथरूण, ताट आणि कुणीतरी आपले मिळाले. हे मुलांसोबत राहिल्याशिवाय झाले नसते.

मात्र याच परंपरेत एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढले तेव्हा सर्व जातींच्या मुलांचा संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ओढला. मुलांच्या पोटासाठी त्यांनी मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्या गेल्या. ती कथा आपण जवळजवळ शंभर वर्षे सांगत आलो आणि सांगितलीच पाहिजे. पण ज्या घराने स्वतःहून व्रत घेतले, त्याची गोष्ट पगारी नोकरीची अट कधी झाली, हे आपल्या लक्षात आले नाही. आजच्या रेक्टरच्या पाठीशी चळवळ नाही, व्यवस्थापन आहे. समोर मोजकी मुले नाहीत, तीनशे-चारशे आहेत. आणि त्याच्या पत्नीने मुलांच्या तापाला काढा करून द्यावा, रात्री दार उघडावे, ही अपेक्षा आजही कित्येक ठिकाणी आहे. तिचे नाव कुठल्याही पगारपत्रकावर नसते.

या नोकरीची किंमत सविस्तर सांगायला हवी, कारण ती बाहेरून दिसत नाही. रात्री दोन वाजता मुलाला दवाखान्यात नेणारा माणूस सकाळी आठच्या तासाला उभा असतो. दिवाळीत सगळी मुले घरी जातात तेव्हा याला रंगकाम आणि पाण्याच्या टाक्या पाहायच्या असतात. क्वार्टर मिळाले म्हणून घरभाडे भत्ता मिळत नाही, आणि त्या क्वार्टरचे दार वसतिगृहाच्या बोळातच उघडत असेल तर स्वतःच्या मुलांना घरातही आवाज जपून काढावा लागतो. मुलींच्या वसतिगृहांत हे आणखी खोल जाते. एकट्या राहणाऱ्या, नवरा नसलेल्या किंवा घर सुटलेल्या कित्येक बायकांना रेक्टरच्या नोकरीने सन्मानाने डोक्यावर छप्पर दिले, ही या व्यवस्थेची मोठी चांगली बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पण निवृत्तीच्या दिवशी पगार आणि घर दोन्ही एकदमच जाते. पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलींना सांभाळलेली बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी भाड्याची खोली शोधत फिरते.

घर नोकरीला बांधलेले असण्याचा परिणाम मुलांवरही होतो, आणि माझ्या मते हा सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा आहे. मेसच्या डाळीत पाणी आहे, तिसऱ्या मजल्याचा कठडा हलतो, बाथरूमच्या कड्या तुटल्या आहेत, हे सगळ्यांत आधी रेक्टरला कळते. वर कळवून काम झाले नाही तर पुढे बोलायचे त्यानेच. पण बोलल्यावर नोकरीबरोबर राहते घरही जाणार असेल, मुलांच्या शाळा मध्येच सुटणार असतील, तर किती जण बोलतील? मुलांच्या बाजूने उभे राहण्यासाठी ज्याला आत ठेवले, त्याचेच तोंड त्या राहण्याने बंद होते.

दुसरी अडचण आयोगाच्या नियमातच आहे. शिस्त आणि समुपदेशन एकाच माणसाकडे. चाळीस-पन्नास मुलांच्या घरात ते जमते. वडीलधारे माणूस रागावतेही आणि जवळही घेते. चारशे मुलांच्या वसतिगृहात मात्र जो गेट पास अडवतो, जो घरी फोन लावतो, त्याच्याजवळ कोणती मुलगी सांगेल की आपल्याला जगावेसे वाटत नाही? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत दिलेल्या निर्देशांत शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असे सांगितले, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यायला सांगितले. समुपदेशक वेगळाच हवा आणि त्याने रेक्टरच्या हाताखाली नसावे. रेक्टरने एवढेच ओळखावे की या मुलाला आता त्याच्याकडे न्यायला हवे. तेवढे ओळखणे हेही शिकवावे लागते.

शासकीय आदिवासी वसतिगृहांतले गृहपाल, म्हणजे तिथले रेक्टर, याच प्रश्नाची तिसरी बाजू दाखवतात. २०१८ मध्ये शासनाने शहरांतल्या या वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायचे ठरवले. त्या जुलैत विद्यार्थी त्याविरोधात पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले आणि सिन्नर तालुक्यात त्यांना रोखले गेले. ठेकेदाराच्या जेवणाच्या तक्रारी खऱ्या होत्या. पैसे वेळेवर न येण्याची भीतीही खरी होती. त्या वादात एक गोष्ट मागे पडली. मेसची पंगत ही गृहपालाची रोजची भेट होती. कोण जेवायला आले नाही, कोण एकटेच बसले, कोणाचे ताट तसेच राहिले, हे तिथे कळायचे. बाहेरच्या खानावळीत पांगलेल्या मुलांचे ते कळत नाही. मग आत राहणाऱ्या गृहपालाकडेही उरते ती सहीची हजेरी.

आता मुलांच्या स्वातंत्र्याचे. अठरा वर्षांची मुले सज्ञान आहेत, आणि आत राहणारा रेक्टर फार लवकर पहारेकरी होतो. मुलींच्या बाबतीत तर जवळजवळ नक्कीच. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आवाज उठवला तो यासाठीच. त्यांची तक्रार मला योग्य वाटते. पण तिच्यातून रेक्टर नको असा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. सातला गेटला कुलूप लावावे लागते, कारण नंतर दार उघडायला जबाबदार माणूस आत नसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इंटर्नशिप करणारी मुलगी साडेनऊला परत आली तर तिचे नाव विचारून, जेवलीस का म्हणून दार उघडणारी मॅडम आत असेल, तर कुलपाची वेळ पुढे नेता येते. चांगली निवासी रेक्टर ही मुलींच्या मोकळेपणाची अट आहे, आणि तसे नसेल तर तिच्या आत राहण्याला अर्थ नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे स्वतंत्र व्यवसायाचे क्षेत्र आहे. वसतिगृहाच्या संचालकाकडे बहुधा विद्यार्थिसेवेतली पदव्युत्तर पदवी असते, इमारतीत स्वतःचा फ्लॅट असतो, हाताखाली वरच्या वर्गांतले प्रशिक्षित विद्यार्थी असतात आणि रात्रीची पाळी सहकाऱ्यांमध्ये फिरते. थकवा आणि लवकर नोकरी सोडणे तिथेही आहे, म्हणून जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी आहे ती फिरती पाळी. राहणे आणि सतत ड्युटीवर असणे यांची फारकत त्यांनी केली. आपण ती कधी केलीच नाही.

माझे मत असे : रेक्टरने आतच राहावे, पण एकट्याने राहू नये. दीडशेच्या वर मुले असतील तिथे दोन निवासी रेक्टर असावेत आणि आज रात्री कोण, हे नाव नोटीस बोर्डावर असावे. ज्याची रात्र नाही त्याचा फोन बंद असला तरी कुणी जाब विचारू नये. रात्र जागून काढलेल्या प्राध्यापकाला सकाळचा तास नसावा. दोघे असले की जबाबदारी कुणाचीच नसते, दोन घरचा पाहुणा उपाशी, ही शंका रास्त आहे. त्यासाठी दवाखान्यातल्या नर्सेस पाळी बदलताना करतात तशी लेखी नोंद रोज व्हावी. खर्चाचेही पाहू. महिना चाळीस हजार पगाराचा दुसरा माणूस दोनशे मुलांच्या वसतिगृहात घेतला तर डोईमागे महिन्याला दोनशे रुपये पडतात. खासगी संस्थांच्या फीमध्ये ते सहज मावतात. शासकीय वसतिगृहांतल्या पेठ-सुरगाण्याच्या मुलांकडून मात्र ते मागता येणार नाहीत, तिथला भार शासनाचाच.

एकाच माणसाने किती वर्षे राहावे, याबाबत माझे मन पूर्ण एका बाजूला झुकत नाही. वीस वर्षे एकाच वसतिगृहात असलेल्या रेक्टरला पिढ्या माहीत असतात, मुलाच्या चेहऱ्यावरून त्याच्या गावातली दुष्काळाची बातमी कळते. असे माणूस पाच वर्षांच्या मुदतीचा नियम करून हलवणे नुकसानीचेच. तरीही मी मुदतीच्या बाजूने आहे, कारण असे लोक थोडे असतात आणि थकून कोरडे झालेले बरेच. मुदत संपल्यावर स्वतःच्या इच्छेने आणि मुलांच्या गुप्त अभिप्रायानंतर ती वाढवता यावी.

नाशिकने यात पुढाकार घ्यायला एक सरळ कारण आहे. आदिवासी विकास आयुक्तालय इथे आहे. राज्यभरची वैद्यकीय आणि आरोग्यशिक्षणाची कॉलेजे संलग्न असलेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. महाराष्ट्रातल्या हजारो वसतिगृहवासी मुलांशी संबंध असलेली ही दोन कार्यालये एकाच शहरात आहेत. येत्या प्रवेशांच्या आधी त्यांनी गृहपाल आणि वॉर्डन यांच्या कामाचे तास, पाळी आणि साप्ताहिक सुटी लेखी ठरवावी. इमारतीतल्या त्रुटी कळवणाऱ्या रेक्टरचे क्वार्टर चौकशी संपेपर्यंत काढून घेता येणार नाही, असा नियम करावा. आणि निवृत्त होणाऱ्याला घर सोडायला निदान सहा महिने द्यावेत.