आधी दिशा, मग पळ

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मीरा रोडला सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या टेबलावरच्या युद्धखेळाच्या डावात पंच म्हणून मी चुकीचा निर्णय दिला. त्यावर आलेली पत्रं समोर पडली आहेत. काही गोड, काही तिखट, आणि एकात तर नुसती आकृती काढून खाली 'आता सांगा' एवढंच लिहिलेलं. तेव्हा या वेळचं संपादकीय त्या एका चालीवर.

एका बाजूला निवृत्त रेल्वेवाले काका. त्यांच्याकडे जड घोडदळ, रंग अजून ताजा. समोर कॉलेजात जाणारा मुलगा आणि त्याचे हलके धनुर्धारी स्वार. मधलं अंतर इंचभर. काकांनी "चार्ज" म्हणत तुकडी जराशी पुढे लोटली. मुलगा लगेच "इव्हेड", म्हणजे पळतो, म्हणाला, स्वार उलटे फिरवले आणि सरळ आपल्या पिछाडीकडे नेले. मग काका म्हणाले, "मी डावीकडे वळून येणार होतो."

"काका, हे आधी सांगायला हवं होतं ना!"

"अरे, वळायचा हक्क पुस्तकातच आहे. तुला घाई झाली त्याला मी काय करू?"

पुस्तक माझ्याच हातात होतं आणि वळण्याचा हक्क त्यात खरोखर होता. मी काकांच्या बाजूने निकाल दिला. स्वार गाठले गेले, पाठीवर मार बसला आणि चहा येईपर्यंत मुलाची ती अख्खी बगल संपली होती. तो भांडला नाही. फासे गोळा करत बसला. घरी येताना मला खटकत राहिलं ते हेच.

पुस्तकात वळणं दोन आहेत, आणि मी त्यांची गल्लत केली. पहिलं वळण चढाई जाहीर करतानाचं. समोरचा थांबणार की पळणार हे ठाऊक नसताना ते घ्यायचं असतं, आणि त्यानेच चढाईची दिशा ठरते. दुसरं वळण पळणाऱ्याच्या मागे लागण्याचं. तो पळून झाल्यावर, त्याची वाट डोळ्यांनी पाहून ते घ्यायचं असतं, तेही नियम देईल तेवढंच. काकांनी पहिलं वळण जाहीर केलंच नव्हतं. ते त्यांनी मागाहून घेतलं आणि वर दुसरंही घेतलं. एका हक्काचे दोन पैसे झाले आणि पंचाने ते मोजून दिले.

आता गणित बघा, म्हणजे हे भांडण किती नेमक्या जागी होतं ते दिसेल. आपण बहुतेक डाव २००८ साली आलेल्या 'फील्ड ऑफ ग्लोरी'च्या धर्तीवर खेळतो. एका चालीत हलके स्वार ७ इंच, जड घोडदळ ५ इंच. दोघेही एकेक फासा टाकतात. १ पडला तर २ इंच वजा, २ पडला तर १ वजा, ३ किंवा ४ ला बदल नाही, ५ ला १ अधिक, ६ ला २ अधिक. दोन्ही तुकड्या एकाच सरळ रेषेत धावल्या आणि मधलं अंतर एक इंच असेल, तर पळणारे गाठले जाण्याची शक्यता ३६ मध्ये ३. अंतर दोन इंच असेल तर ३६ मध्ये १, म्हणजे चढाईवाल्याला सहा आणि पळणाऱ्याला एक पडला तरच. त्याहून लांब असेल तर गाठणं अशक्य. मग एवढ्या वेळा स्वार मरतात कसे? दिशेमुळे. पळणाऱ्याला बऱ्याच नियमावल्या दोन वाटा देतात: चढाई ज्या रेषेत येते आहे त्याच रेषेत पुढे पळायचं, किंवा स्वतःच्या पिछाडीकडे सरळ. यातली निवड करायला चढाईची रेषा आधी ठाऊक असावी लागते. ती ठाऊक नसताना मागितलेला 'इव्हेड' म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून मारलेली उडी.

याचं उत्तर आपल्याकडे शाळेच्या मैदानावर पडून आहे आणि आपण ते फ्रेंच आणि इंग्रजी पुस्तकांत शोधत बसतो. खो-खोत बसलेला गडी खो मिळाल्यावर उठतो आणि ज्या बाजूला वळतो ती त्याची दिशा. खांब गाठेपर्यंत ती बदलता येत नाही, बदलली की फाऊल. पंच बघतो ती खांद्याची रेषा. पाय कुठे पडतात ते नंतरचं. खो तरी कसा द्यायचा? पाठीमागून, हात लावून आणि मोठ्याने. नुसता स्पर्श चालत नाही, नुसती आरोळीही चालत नाही. पळतीचा गडी खेळतो तो याच भरवशावर. पाठलाग करणारा एकदा वळला की उलट फिरणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो खांबाजवळ इतका लाडात येऊन हूल देतो. तो भरवसा काढून घ्या, खो-खोची पकडापकडी होईल. हूल हा पळणाऱ्याचा हक्क. पाठलाग करणाऱ्याने हूल द्यायची ती खो देऊन, दिशा चोरून नाही. (कबड्डीवाले रागावतील, पण चढाई हा शब्द आपण त्यांच्याकडून उचलला असला तरी नियम मात्र खो-खोचा लागू पडतो.)

काही पत्रलेखकांनी इतिहासाचा दाखला दिला आहे. खरा सेनापती शत्रूला 'मी डावीकडे वळणार' असं सांगून येतो का, असा त्यांचा सवाल. नाही येत. पण धावणाऱ्या घोड्यांची तोंडं शत्रूला दिसतात, आणि टेबलावर काकांच्या घोड्यांची तोंडं अजून शिशात गोठलेली असतात. ती दिसावीत म्हणूनच जाहीर करायचं.

इतिहासाकडे जायचंच असेल तर ख्रिस्तपूर्व ३९० मध्ये कोरिंथजवळच्या लेखायनला जाऊ. आपल्या खेळातले चढाईचे आणि पळाचे निम्मे नियम त्या एका दुपारीतून निघाल्यासारखे वाटतात. सुमारे ६०० स्पार्टन हॉप्लाइट (जड पायदळवाले) उघड्या वाटेने चालले होते, सोबतीला घोडदळ नाही. अथेन्सच्या इफिक्रातिसचे भालाफेके पेल्टास्ट त्यांच्यावर सुटले. स्पार्टन सेनानीने तरण्या दहा वयोवर्गांना हुकूम दिला, धावा आणि हाकलून लावा. पेल्टास्ट हातघाईला आलेच नाहीत. आधीच ठरल्याप्रमाणे मागे सरले. स्पार्टन धावले ते आपापल्या वेगाने, त्यामुळे परतताना विखुरले, आणि पेल्टास्टांनी तिथेच वळून भाले टाकले. ग्रीक इतिहासकार झेनोफन लिहितो, पहिल्या पाठलागातच नऊ-दहा जण पडले. मग पंधरा वर्ग पाठवले, आणखी पडले. तेवढ्यात स्पार्टाचं घोडदळ आलं. आता तरी पळणारे गाठले जातील असं वाटावं, तर घोडेस्वारांनी आपल्याच पायदळाच्या ओळीत राहून पाठलाग केला. घोड्याने माणसाच्या चालीने धावायचं! शेवटी अडीचशेच्या आसपास स्पार्टन मेले, तेही ज्यांना ते तुच्छ समजत त्या हलक्या पायदळाच्या हातून.

'समोरचा पळाला तर मी अर्ध्यात थांबीन' असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. चढाई पूर्ण अंतर नेलीच पाहिजे हा नियम मुद्दाम जाचक आहे. सुटलेला जमाव हाक मारून थांबत नाही, आणि थांबला तरी रांगेत थांबत नाही. पळणाऱ्याची कमाई चढाईवाल्याच्या परतीच्या वाटेवर असते. अर्ध्यात थांबायची मुभा दिलीत की इफिक्रातिसचे लोक नुसते मागे सरकणारे ठोकळे उरतात. स्वतः झेनोफनही एकदा यात सापडला होता. ख्रिस्तपूर्व ४०१ च्या त्या प्रसिद्ध माघारीत तो घोड्यांशिवाय पाठलागाला धावला, कुणालाच गाठू शकला नाही, आणि पळतापळता मागे वळून बाण मारणाऱ्या पर्शियन स्वारांनी त्याचीच माणसं जखमी केली. त्याने चूक कबूल केली आणि रातोरात ५० घोडेस्वार व सुमारे २०० गोफणवाले उभे केले. टेबलावर ही सोय नाही. यादी डावाआधी द्यावी लागते.

आता टेबलाच्या कडेचा प्रश्न, कारण तीन पत्रं त्यावरच आहेत. पळता पळता तुकडी कडेबाहेर गेली तर ती मेली की निघून गेली? मी घोडबंदर किल्ल्यावर बऱ्याच वेळा जातो, आपल्या महापालिकेच्या हद्दीतलाच आहे. वर उभं राहिलं की एका बाजूला खाडी पसरलेली दिसते. नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. इथे पाठीशी खाडी घेऊन उभ्या असलेल्या हलक्या स्वारांना पळायला जागाच नाही. तिथे 'इव्हेड' म्हणजे चिखलात घोडे. टेबलाची कड मात्र खाडी असतेच असं नाही. बहुतेक वेळा ती नुसती कड असते, कारण हॉलमधलं टेबल सहा फुटांवर संपतं. तेव्हा कडेमागे काय आहे हे डाव मांडतानाच ठरवा. पाणी ठरलं तर कडेशी तुकडी थांबेल आणि गाठली जाईल. मोकळं रान ठरलं तर ती डावाबाहेर जाईल, नियमाचे गुण जातील, पण शत्रूने पाठीवर दिलेल्या माराचे हिशेब लागणार नाहीत. (कुणी चिमाजी अप्पांच्या मोहिमेचा दाखला देण्याआधी: १७३७ ते १७३९ ची ती मोहीम मुख्यतः किल्ले आणि मोर्चांची होती, आणि आपल्या काळाच्या हद्दीबाहेरचीही.)

पंचांबद्दल दोन वाक्यं, स्वतःला धरून. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झने युद्धखेळाचे नियम लिहिले तेव्हा मोजपट्टी, तक्ते आणि फासे सगळे होते. पुढे १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू वेर्नुआने तक्ते बाजूला सारून पंचाच्या समजेवर खेळ चालवायची पद्धत मांडली. त्याला ती शोभली. तो १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाच्या सेनाप्रमुख मोल्टकेच्या कचेरीत बसलेला माणूस होता. आपल्यापैकी कुणीही अशा कचेरीत बसलेलं नाही. मी तर त्या रविवारी पंच होण्याआधी सकाळी पंख्याचं रेग्युलेटर बसवत होतो. नियम गप्प असेल तिथे 'मला वाटतं' म्हणण्याचा अधिकार आपल्याला पेलत नाही. त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: कोणी कोणता निर्णय कोणत्या माहितीवर घ्यायचा होता? काकांचं वळण या प्रश्नापुढे क्षणभरही टिकलं नसतं.

पुढच्या महिन्यापासून आपल्या डावांत काडी लागेल. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तिथली उरलेली कातरण एका ओळखीच्या कारागिराने पट्टीसारखी कापून दिली आहे. त्यावर चुंबक नीट चिकटत नाही म्हणून बेससाठी ती बाद, काडीसाठी झकास. चढाई म्हणजे आता असं: तोंडाने 'चार्ज', मग तुकडीच्या पुढच्या कडेपासून चढाईच्या दिशेत काडी. काडी टेकली की खांदा वळला. मग समोरचा थांबतो की पळतो ते सांगेल, आणि पळत असेल तर कुठल्या वाटेने तेही. मग फासे. तुकडीला हात त्यानंतर. काडी टेकण्याआधी तुकडी हलवली तर ती सरळ समोरची चढाई मानली जाईल, वळण विसरा. पाठलागाचं दुसरं वळण पुस्तकात आहे तसंच राहील.

त्या रविवारचा डाव पहिल्या चढाईपासून पुन्हा मांडायला काका आणि मुलगा दोघेही तयार आहेत. काकांनी एकच अट घातली, पंच मी नको. ती मान्य.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. हलक्या स्वारांची एक तुकडी, मागे चार इंचांवर खाडी. समोरून जड घोडदळाची काडी पडली आहे, अंतर दोन इंच. उजव्या बगलेवरून दुसऱ्या घोडदळाची काडी काटकोनात, अंतर तीन इंच. दोन्ही चढाया एकाच वेळी जाहीर झालेल्या. स्वारांनी कुठल्या काडीची दिशा धरायची? आणि त्यांनी ती सांगितल्यावर दुसऱ्या काडीवाल्याला आपली काडी उचलता येईल का? उत्तरं कारणासह, आकृती असेल तर उत्तमच, २० तारखेपर्यंत पाठवा.