जुनें इंजिन आणि घरचें एरंडेल

अंबरनाथास आयुधनिर्माणींत व लहानमोठ्या यंत्रशाळांत आयुष्य घालविलेले वडीलधारे अनेक घरीं आढळतात. तरुणपणीं राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत नमुना-विमानें उडविण्यास शिकलेलेही कांहीं त्यांत असावयाचे. अशा एखाद्या घरच्या माळ्यावर छोट्या विमानाचें, मुठींत मावणारें जुनें ग्लो इंजिन सांपडलें आणि त्याचा पंखा फिरेनासा झाला असला, तर तें लगेच भंगारवाल्यास देऊं नये, अशी आमची विनंती आहे. तें बहुधा मेलेलें नसतें. एरंडेलानें जखडलेलें असतें.

या इंजिनाची युक्ति मोठी मौजेची आहे. १९४७ सालीं अमेरिकेंत रे आर्डेन यांनीं ग्लो प्लग बाजारांत आणला, आणि ठिणगी पाडणारी कॉइल व तिची बॅटरी यांचें ओझें विमानावरून उतरलें. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेचें वेटोळें आरंभीं दीड व्होल्टच्या घटानें लाल करावयाचें. इंजिन चालूं लागलें कीं घट काढून घ्यावयाचा. पुढें मेथनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगानें व आंतील उष्णतेनें तार आपोआप तप्त राहते.

इंधनांत मेथनॉल, वंगण व कधीं थोडें नायट्रोमेथेन असतें. लोखंडी दट्ट्याच्या जुन्या इंजिनांस वंगण शेंकडा २० ते २५ लागतें, आणि त्यांत एरंडेल हवेंच. भारी उष्णतेंतही तें धातूस धरून राहतें. ज्याचें नांव काढतांच मुलें पळ काढतात, तेंच येथें प्राणरक्षक! परंतु गुणाच्या पोटींच दोष: वर्षानुवर्षें पडून राहिलें, कीं तें लाखेसारखें घट्ट बसतें.

जखडलेलें इंजिन पकडीनें पिळूं नये. प्लग काढून केस वाळविण्याच्या यंत्राच्या गरम हवेनें तें शेकावें, व एरंडेल मऊ पडल्यावर पंखा अलगद हलवून पाहावा. इंजिन पुरतें थंड झालें म्हणजे उघड्यावर, विस्तवापासून दूर, मेथनॉलनें आंतून धुवावें. एरंडेल त्यांत विरघळतें. मग पातळ तेल सोडावें. चालू करण्यापूर्वीं घट न जोडतां पंखा हळूच एक-दोन फेरे फिरवावा. आंत इंधन साचलें असतां जोर केल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो. इंधनाची सुई आरंभीं थोडी अधिक उघडी ठेवावी. इंधन कमी पडलें कीं इंजिन फार तापून झिजतें. खेळ संपल्यावर उरलेलें इंधन जळूं द्यावें आणि तेलाचे थेंब घालून पंखा फिरवावा. मेथनॉल हवेंतील ओल शोषतें. आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसांत बेअरिंगें गंजण्यास तेवढें पुरतें.

येथवरच्या मजकुरास कोणी एरंडाचें गुऱ्हाळ म्हटलें तरी चालेल; पुढचें मात्र घरांतील प्रत्येकानें ऐकावें. मेथनॉल हें विष आहे. जून २०१५ मध्यें मुंबईंतील मालवणी येथें मेथनॉलमिश्रित दारूनें शंभरांवर माणसें दगावलीं. तें पाण्यासारखें दिसतें. म्हणून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत तें कदापि ठेवूं नये. डब्यावर नांव लिहून तो कुलुपांत ठेवावा. पोटांत गेल्यास लक्षणांची वाट न पाहतां रुग्णालय गाठावें. त्याची ज्योत उन्हांत जवळजवळ दिसत नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्यावें. इंजिन चालू करतांना पंख्यास बोटानें नव्हे, काठीनें झटका द्यावा; मुलांनीं पंख्याच्या बाजूस न राहतां दूर मागें उभें राहावें.

आजोबांच्या हातचें यंत्र नातवाच्या हातीं धडपणें जावें, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं तेलाची कुपी आणि कुलुपाची किल्ली हीं दोन्ही स्वतःकडे ठेवावीं.